फ्लॅशबॅक सोडा, हात बघा: पिक्चरमधला ट्रॉमा ओळखायचा कसा

माझी एक मावशी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती माळवदाच्या घरात झोपली होती, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून पडलेले. ती वाचली, घरातले सगळे नाही वाचले. आता इतकी वर्षं झाली, मावशी हसते, भांडते, लग्नात पुढं होऊन नाचते, नवीन माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण आमच्याकडं पुण्यात चौथ्या मजल्यावर राहायला आली की पहिला प्रश्न, जिना कुठल्या बाजूला रे. रात्री चपला कॉटच्या अगदी कडेला, तोंड दाराकडं करून. उशीखाली बॅटरी. आणि खोलीचं दार लावायचं नाही म्हणजे नाही, कडाक्याची थंडी असो की घरभर पाहुणे असोत.

आता यावर कुणी पिक्चर काढला तर काय काढेल ते मी आत्ताच सांगतो, जमीन हादरते, धूळ, किंचाळ्या, सगळं स्लो मोशनमध्ये, आणि मग मावशी घामाघूम होऊन ताडकन उठून बसते. मी तिला असं उठताना आजवर एकदाही बघितलेलं नाहीये. चपला मात्र रोज रात्री बघितल्यात.

तर मुद्दा हा. पिक्चरमध्ये ट्रॉमा, म्हणजे मनावर बसलेला खोल आघात, बघायचा असेल तर काय घडलं हे दाखवणारे सीन बाजूला ठेवा, माणूस आता चपला कुठं ठेवतो ते बघा. मी डॉक्टर नाही, पिक्चर बघणारा आहे, आणि गेली काही वर्षं मित्रांबरोबर दर महिन्याला एक पिक्चर बघून त्यावर रात्री दोनपर्यंत वाद घालणारा आहे. त्या वादांतून जी पद्धत तयार झाली ती लिहितोय. कुणाला रिव्ह्यू लिहायचा असेल, शॉर्टफिल्म करायची असेल किंवा नुसतं नीट बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, पिक्चर सुरू झाल्यावर साधारण वीस मिनिटांनी पॉज करा आणि वहीत लिहा की हा माणूस काय करत नाही. काय करतो ते लिहू नका, ते सगळ्यांना दिसतं. काय टाळतो? कुठं बसत नाही, कुणाच्या डोळ्यात बघत नाही, कुठला विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो. टाळणं ही ट्रॉमाची मोठी खूण आहे आणि ती कॅमेऱ्यात पकडायला अवघड असते, कारण न घडणारी गोष्ट दाखवायची कशी. म्हणून आळशी दिग्दर्शक ती सोडून देतो आणि थेट वाईट स्वप्नावर येतो.

याचा सराव करायला २०१६ चा मँचेस्टर बाय द सी घ्या. केनेथ लोनरगनचा, केसी ॲफ्लेकला त्यात ऑस्कर मिळालं. ली नावाचा माणूस बोस्टनजवळ बिल्डिंगींची देखभाल करतो, तुंबलेले संडास मोकळे करतो, नळ दुरुस्त करतो, बर्फ उपसतो, तळघरातल्या एका खोलीत राहतो. पहिल्या वीस मिनिटांत तो काय करत नाही? बारमध्ये एक बाई बोलायला येते, तो बोलत नाही. एका भाडेकरूला तो आवडलाय हे आपल्याला कळतं, त्याला कळतं की नाही कोण जाणे, चेहऱ्यावर काही हलत नाही. आणि त्याच बारमध्ये जरा वेळानं दोन अनोळखी माणसं आपल्याकडं बघतायत एवढ्यावरून जाऊन त्यांना बुक्क्या मारतो. आपण म्हणतो दारुडा आहे, तापट आहे. हे वहीत लिहून ठेवा, नंतर खोडायचंय.

मग भाऊ वारतो आणि त्याला गावी जावं लागतं. वकिलाच्या ऑफिसात कळतं की भावानं सोळा वर्षांच्या पुतण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकलीये, आणि नेमकं तिथं, खुर्चीत बसल्या बसल्या, जुनी रात्र परत येते. म्हणजे त्याची तीन पोरं आणि ती ज्या आगीत गेली ती आग. शेकोटीपुढची जाळी लावायची राहिली आणि तो बियर आणायला गेला, बस एवढंच. पुढं पोलीस ठाण्यात त्याला सांगतात की तुझ्या हातून चूक झाली, पण हा गुन्हा नाही, तू जाऊ शकतोस. त्याला ते समजतच नाही, म्हणजे मी असाच जाऊ? आणि दारापर्यंत जाता जाता तो एका पोलिसाची बंदूक हिसकावतो.

आता वहीतलं ते तापट खोडा. त्याला शिक्षा हवी होती आणि ती कुणी दिलीच नाही, म्हणून तो ती बारमध्ये जाऊन मागतो, अनोळखी माणसांकडून, हप्त्याहप्त्यानं. पिक्चरमध्ये हे कुणीही तोंडानं बोलत नाही. हे जोडायचं काम आपलं, आणि जो पिक्चर हे काम आपल्यावर सोडतो तो बहुतेक वेळा खरा असतो असा माझा अनुभव.

अजून एक गोष्ट याच पिक्चरमध्ये बघा, फोटोफ्रेमा. लीच्या सामानात तीन फ्रेमा आहेत, तो त्या जपून गुंडाळून बरोबर नेतो, खोलीत मांडतो. त्यात काय आहे हे आपल्याला कधीच दिसत नाही, कॅमेरा मागच्या बाजूला. पुतण्या बघतो, आपण नाही बघत. आमच्याकडचा दिग्दर्शक असता तर क्लोजअप, मागून बासरी आणि डोळ्यातून एक थेंब असा बेत झाला असता. (माझा आवडता मराठी दिग्दर्शकही यात येतो, नाव घेत नाही.)

दुसरं बघायचं म्हणजे फ्लॅशबॅक कशानं येतो. ही सोपी परीक्षा आहे. वर्तमानातल्या कुठल्या तरी वस्तूनं, वासानं, आवाजानं येतो, की लेखकाला माहिती द्यायची होती म्हणून येतो? माणूस खिडकीत उभा राहून लांब बघतो आणि पडदा धूसर होऊन सलग दहा मिनिटांची व्यवस्थित गोष्ट सुरू होते, सुरुवात मध्य शेवट सगळं जागेवर, तर ती सोयीची आठवण. खरी तशी येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते, मधलंच काहीतरी येतं, आणि नको तेव्हा येतं. १९६४ चा सिडनी ल्युमेटचा द पॉनब्रोकर बघा, त्यात रॉड स्टायगर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गहाणाचं दुकान चालवतो, नाझींच्या छळछावणीतून वाचलेला, बायकापोरं गेलेली. त्याच्या आठवणी आधी इतक्या थोड्या वेळासाठी चमकतात की आपल्याला वाटतं रीळ खराब आहे की काय. मग हळूहळू लांबत जातात, आणि एकदा तो लोकल रेल्वेच्या डब्यात बसलेला असतो आणि तो डबाच माणसं कोंबलेला मालगाडीचा डबा होऊन जातो. गंमत अशी की पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहणारा ताणाचा आजार, हे नाव अमेरिकन डॉक्टरांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामनंतर. म्हणजे नाव पडायच्या सोळा वर्षं आधी एका एडिटिंग टेबलवर ते बरोबर कापलं गेलं होतं.

आणि कधी कधी आठवण नसणं हीच खूण असते. वाल्ट्झ विथ बशीर, २००८, इस्रायलचा, ॲनिमेटेड आहे म्हणून पोरांना लावून देऊ नका. सुरुवातीला एक मित्र सांगतो की रोज स्वप्नात २६ कुत्री माग काढत येतात. २६ च का? कारण लेबनॉनच्या लढाईत गावात शिरताना भुंकणारी कुत्री मारायचं काम त्याच्याकडं होतं, माणसावर गोळी झाडणं त्याला जमत नव्हतं म्हणून, आणि त्यानं २६ मारली, एकेक लक्षात आहे. आणि ज्याला तो हे सांगतोय त्या दिग्दर्शकाला त्याच लढाईतलं काहीच आठवत नाही. एकाला आकड्यासकट आठवतं, दुसऱ्याची पाटी कोरी, लढाई तीच.

तिसरं, रडणं चुकीच्या जागी येतं का ते बघा. हे मला फार उशिरा कळलं. अंत्यविधीला रडणारा माणूस पडद्यावर कुणीही दाखवेल. परत मँचेस्टरच घ्या, तो पुतण्या बाप गेल्यावर दोनदोन मैत्रिणी सांभाळतोय, हॉकी खेळतोय, बँडची प्रॅक्टिस करतोय, आपल्याला वाटतं काय निगरगट्ट पोरगा आहे. जमीन गोठलेली असल्यामुळं बापाला पुरता येत नाहीये, मृतदेह वसंत ऋतूपर्यंत शीतपेटीत. आणि एका रात्री पोरगा फ्रीज उघडतो, गोठवलेली कोंबडी खाली पडते, ती परत आत जाईना, दार लागेना, आणि तो तिथंच कोसळतो. कोंबडीसाठी. सीनमध्ये विनोद आहे, आम्ही हसलो होतो, आणि अर्ध्यात गप्प झालो.

तसाच द हर्ट लॉकर, कॅथरिन बिगेलोचा. इराकमध्ये बॉम्ब निकामी करणारा जवान घरी येतो, बायको म्हणते जरा नाश्त्याचं सीरियल घेऊन ये, आणि तो सुपरमार्केटच्या त्या भल्या मोठ्या कपाटापुढं उभा राहतो, शंभर प्रकारची खोकी, आणि त्याला एक निवडता येत नाही. वायर कुठली कापायची हे ज्याला सेकंदात कळतं त्याला कॉर्नफ्लेक्स कळेनात. ना किंकाळी, ना स्फोट. आणि मग तो परत वर्षभरासाठी निघून जातो. अख्ख्या पिक्चरमधले बॉम्ब विसरलात तरी चालेल, तेवढं कपाट लक्षात ठेवा.

आता येऊ व्यक्तिमत्त्वावर, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. आघातानं माणूस बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं? जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी असते, आयसीडी, तिच्या दहाव्या आवृत्तीत भयंकर अनुभवानंतर व्यक्तिमत्त्वात झालेला टिकाऊ बदल असा एक वेगळा प्रकारच होता. किमान दोन वर्षं टिकला पाहिजे ही अट. त्यातल्या खुणा साध्या शब्दांत अशा, जगाबद्दल संशय नाहीतर वैर, माणसांतून अंग काढून घेणं, आतून रिकामं किंवा हताश वाटणं, कायम काहीतरी होणार असं धास्तावलेलं असणं, आणि सगळ्यांत असून परकं वाटणं. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो प्रकार गेला आणि कॉम्प्लेक्स पीटीएसडी आलं, त्यात धास्ती, टाळणं आणि परत परत अनुभवणं हे आहेच, वर भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल फार हलकं मत असणं आणि नाती निभावता न येणं हे तीन जोडलेत. ही यादी कागदावर लिहून टीव्हीजवळ ठेवा असं मी सांगणार नाही, तसं केलं की पिक्चर बघायचा राहतो आणि टिक मारणं सुरू होतं. पण डोक्यात असू द्या.

आणि मग एक प्रश्न विचारा, हा आधी कसा होता? आधीचा माणूस दाखवला नसेल तर बदल कळणारच नाही, आपण तोच त्याचा स्वभाव धरून चालतो. लीला आपण सुरुवातीलाच बोटीवर बघतो, छोट्या पुतण्याला शार्कची भीती घालत, थट्टा करत, बडबड्या. तो बडबड्या माणूस कुठं गेला हे मग दोन तास आपल्याला सलत राहतं.

लहानपणीच आघात झाला असेल तर मात्र आधीचा असा माणूसच नसतो, तिथं सवयी बघायच्या. डियर जिंदगी २०१६, गौरी शिंदेचा, गोव्यात घडतो. नायिका कायरा प्रत्येक नातं स्वतःच मोडते, समोरच्यानं मोडायच्या आत. लोक म्हणतात आजकालच्या पोरी अशाच. लहानपणी आईबापांनी तिला आजीआजोबांकडं ठेवलं आणि स्वतः निघून गेले, हे कळल्यावर ती सवय म्हणजे कुलूप होतं हे लक्षात येतं. हे चांगलं पकडलंय. थेरपी मात्र फारच सुटसुटीत दाखवलीये, समुद्रकिनारी चालत चालत, शाहरुख खान समोर असेल तर माझे पण प्रॉब्लेम सुटतील हो.

उडानमध्ये २०१० च्या, जमशेदपूरचं घर आहे, बापाला सर म्हणायचं, पहाटे पळायला जायचं. सगळे थोरल्या रोहनबद्दल बोलतात, कविता वगैरे. तुम्ही धाकट्या अर्जुनकडं बघा, सहा वर्षांचं पोर. जेवणाच्या टेबलावर ते किती कमी जागा घेतं ते बघा. पोरं आपसूक एवढी शांत नसतात, आपल्या नात्यागोत्यात असं एखादं पोर असतं आणि सगळे म्हणतात किती गुणी आहे, अजिबात त्रास नाही.

आणि हायवे, इम्तियाज अलीचा, २०१४. त्यात एक जागा आहे जी मला पहिल्यांदा खोटी वाटली होती. पळवून नेलेली वीरा ट्रकमध्ये आहे, पोलीस ट्रक तपासायला येतात, आणि ती ओरडायचं सोडून लपून बसते. थिएटरमध्ये मागची पोरं हसली, काय मूर्ख मुलगी आहे म्हणून. ती स्वतःपण म्हणते का लपले कळत नाही. मग ती सांगते की लहानपणी घरातलाच एक जण यायचा, परदेशी चॉकलेटं घेऊन, आणि आईला सांगितलं तर आई म्हणाली कुणाला बोलू नको. आता तो ट्रक परत बघा. घर म्हणजे सुरक्षित हे गणितच तिच्याकडं नव्हतं तर ती कशाला परत जाईल. हीच ट्रॉमाची खासियत, बाहेरून वेडेपणा वाटणारी गोष्ट आतल्या हिशोबानं बरोबर असते, आणि तो हिशोब पिक्चरनं आपल्याला करू दिला पाहिजे. पुढं तिचं आणि पळवणाऱ्याचं जे कोवळं नातं दाखवलंय ते मला आजही पटत नाही, पण तो वेगळा वाद, त्यावर आमचा एक मित्र सहा महिने रुसला होता.

चौथं, किल्ली शोधा. म्हणजे असं, पिक्चरमध्ये एखादं लपलेलं गुपित असतं, ते बाहेर आलं की माणूस बरा. हे हिचकॉकच्या स्पेलबाउंडपासून चालू आहे, १९४५ पासून, पांढऱ्यावरच्या रेघा बघून ग्रेगरी पेकला चक्कर येते, लहानपणचा अपघात आठवला की सगळं सुटतं. आपल्याकडं भूल भुलैया घ्या, मूळ १९९३ चा मल्याळी मणिचित्रताळ. हवेलीत डॉक्टर येतो, नाव सांगतो डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे घरातल्या सुनेत दुसरंच माणूस वावरतंय, मग एक मोठं नाटक रचतात, तिला वाटतं सूड पूर्ण झाला, आणि झालं, बाई ठणठणीत. विद्या बालन जबरदस्तच, पलंग उचलते तो सीन आजही अंगावर येतो, पण आजार म्हणून बघाल तर ते देवऋष्याचंच काम आहे, फक्त देवऋषी अमेरिकेहून आलाय. मजा घ्या, फक्त शेजारच्या कुणाला तसलं काही झालं तर त्यावरून सल्ला देऊ नका.

किल्लीवाला शेवट ओळखायची खूण सांगतो, शेवटच्या दहा मिनिटांत माणूस पूर्वीसारखा होतो. मँचेस्टरमध्ये काय होतं? ली सरळ सांगतो की मला हे झेपत नाहीये. गाव सोडून परत जातो, पुतण्याला एका मित्राच्या घरी ठेवतो. आणि जाता जाता म्हणतो की बोस्टनमध्ये खोली शोधतोय, एक जादा खोली असलेली, तू कधी आलास तर. सुधारणा किती झाली, तर एक खोली. मला विचाराल तर दीडदोन तासाच्या पिक्चरमध्ये एवढीच व्हायला पाहिजे.

उलट्या बाजूची चूकपण बघा. मारलं, छळलं, म्हणून राक्षस झाला. २०१६ चा स्प्लिट, २०१९ चा जोकर. जोकरमध्ये वाकिन फीनिक्सचं काम बघून मी पण थक्क झालो होतो, पण सोसलेला माणूस म्हणजे उद्याचा खुनी हे गणित बघणाऱ्याच्या डोक्यात बसतं आणि नंतर ते खऱ्या माणसाला भोगावं लागतं, भाड्यानं खोली मिळत नाही, लग्न मोडतं. एरवी सोसलेला माणूस दुसऱ्याला कमी, स्वतःलाच जास्त त्रास देत असतो. असा पिक्चर बघताना मोजा, सोसलेल्यांपैकी साधा जगणारा एक तरी माणूस पडद्यावर आहे का.

शेवटचं, आजूबाजूची माणसं काय करतात. याला माझ्या बघण्यात कासवला तोड नाही, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालेला. तो नैराश्यावरचा पिक्चर आहे, ट्रॉमावरचा असं म्हणता येणार नाही, तरी इथं घेतोय. आलोक राजवाडेनं केलेला पोरगा जीव द्यायला निघालेला, इरावती हर्षेची जानकी त्याला कोकणात समुद्राकाठी घरी आणते, आणि विचारत नाही. नाव विचारत नाही, का म्हणून विचारत नाही. जेवण ठेवते. तो खोलीत अंग मुडपून पडलेला, दिवसच्या दिवस, आणि तिकडं किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम चाललेलं, त्यातले दत्ताभाऊ म्हणजे मोहन आगाशे, जे खरोखरच मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पिक्चर संथ आहे अशी तक्रार खूप ऐकली. बरं व्हायला वेळ लागतो हे दाखवायचं तर वेळच लावायला लागणार ना. आपण कुणाला भेटायला गेलो की दारातच काय झालं कसं झालं सुरू करतो, त्यावर हा उतारा आहे.

आता बघण्याबद्दल दोनतीन व्यवहाराच्या गोष्टी. हे पिक्चर एका दमात लागोपाठ बघू नका, आम्ही एकदा एका रविवारी दोन बघितले आणि तिसऱ्या दिवशीपर्यंत कुणी ग्रुपवर गुड मॉर्निंगपण टाकलं नाही. पहिल्यांदा आवाजासकट बघा, मग ज्या सीनवर वाद झाला तो म्यूटवर बघा, पार्श्वसंगीत काढलं की ॲक्टरचे हात काय करतायत ते दिसतं, आणि म्यूटवर जो सीन मेलेला वाटतो तो संगीतानंच ओढलेला होता असं समजा. ग्रुपमध्ये बघताना आधी सांगून टाका की यात काय आहे, आग आहे, लहान मुलाशी वाईट वागणं आहे, आत्महत्येचा विषय आहे, सस्पेन्स गेला तर गेला. कुणी मध्येच उठून बाहेर गेलं तर दार वाजवू नका आणि नंतर चौकशी करू नका, चहा टाका. आणि बघता बघता स्वतःचंच काही वर आलं, झोप उडाली, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सुरुवात करायची तर आधी डियर जिंदगी, मग उडान, मग कासव, आणि मँचेस्टर बाय द सी सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना.

मावशीला यातला एकही पिक्चर मी दाखवलेला नाही. ती आली की आम्ही अशोक सराफचं काहीतरी जुनं लावतो, ती पोट धरून हसते, सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसून, जिथून दार दिसतं.